तांबड्या मुठीचा सातवा चाकू

१

श्रीपती मुकादम विहिरीत पडून मेला, ती सकाळ त्र्याहत्तर सालच्या वैशाखातली होती. चिंचमाळला तेव्हा प्यायचं पाणी ईटहून बैलगाडीवरच्या टाकीतून यायचं. दूध संस्थेची विहीर आणखी दोन पुरुष खोल गेली की झरा लागेल, या आशेवर सगळं गाव दिवस काढत होतं. रोज संध्याकाळी तळाशी सुरुंग उडवायचे आणि सकाळी फुटलेला दगड वर काढायचा. त्यासाठी काठावर यारी बसवली होती, म्हणजे हातानं फिरवायचं लोखंडी चाक, त्यावर गुंडाळलेला मनगटाएवढा दोर आणि दोराला टांगलेला पाळणा. सकाळी त्या पाळण्यात बसून पहिल्यांदा खाली उतरायचा तो श्रीपतीच. एखादा सुरुंग न उडता राहिला असेल, तर तो आधी आपल्याला कळावा, असा त्याचा हट्ट होता.

त्या सकाळी पाळणा निम्म्या विहिरीपर्यंत गेला आणि दोर तुटला.

लोकांनी आधी दोराच्या जुनेपणाला दोष दिला. मग यारी चालवणाऱ्या शिवलिंगप्पानं तुटलेलं टोक हातात घेतलं आणि पीळ उकलून बघितले. दोराला तीन पीळ होते. त्यातले दोन सरळ कापलेले, तिसरा तेवढा ताणानं तुटून फुलारलेला. कापलेली जागा चाकावरच्या वेढ्यांत आत दडलेली होती. पाळणा बराच खाली गेल्याशिवाय ती बाहेर येत नव्हती.

घटकाभरानं संस्थेचे चेअरमन आबाराव यांना यारीच्या पायाशी, दगडांच्या फटीत, एक उघडा चाकू सापडला. घडीचा, तांबड्या मुठीचा. तसा चाकू गावात एकाच माणसाकडं होता. बौद्धवस्तीतला सुरुंगवाला कोंडीराम. दोनच दिवसांपूर्वी सुरुंगाची जागा कुठं धरायची यावरून त्याचं आणि श्रीपतीचं चारचौघांत वाजलं होतं.

प्रेत भूमच्या दवाखान्यात गेलं. कोंडीरामला आबारावांनी चावडीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार शांतलिंग भूमच्या लोहार आळीत मथुराबाईच्या दारात उभा राहिला. फौजदार दुष्काळी कामांच्या बंदोबस्तात अडकले होते, ते दुपारी चारला थेट चिंचमाळला पोचणार होते. तोवर चाकू ओळखणारा माणूस हजर ठेवायचा होता.

मथुराबाईनं साठी ओलांडली होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच भूमच्या बाजारात, परांड्याला आणि येरमाळ्याच्या यात्रेत पथारी मांडून चाकू, कात्र्या, अडकित्ते विकायची. पाती बार्शीहून आणायची, मुठी घरी बसवायची. आपल्या प्रत्येक चाकूवर मुठीच्या टोकाशी तीन ठिपके ठोकायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. समोरच्याचं तोंड तिला धुक्यातल्यासारखं दिसायचं, पण हातभर अंतरावरची वस्तू ती अजून बारकाईनं बघायची.

शांतलिंगनं कागदाची पुडी सोडली. तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"माझाच हाय," ती म्हणाली.

"कोंडीरामला विकला होता?"

तिनं मूठ उजेडाकडं धरली. तांबड्या मुठीचे चाकू तिनं सातच केले होते. भंगारात प्लॅस्टिकचा एक जाड तुकडा मिळाला, त्यातून सात मुठी निघाल्या. पाच परांड्याला गेले. सहावा कोंडीरामनं पौषात भूमच्या बाजारात घेतला, आणि ते गिऱ्हाईक ती विसरणं शक्य नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगात गेलेला तो माणूस तिच्या पथारीपुढं तासभर उकिडवा बसला होता. त्याला वात कापायला, बांबू तासायला, जेवताना कांदा चिरायला एकच चाकू हवा होता आणि तो रोज खिशात राहणार होता. काळ्या मुठीचा त्यानं ओंजळीत धरून बघितला. घाम आला की निसटेल म्हणाला. शिंगाच्या मुठीचा हलका वाटला. मोठ्या पात्याचा खिशात टाकून उठबस केली, तर मांडीला रुतायला लागला. शेवटी तांबडा उचलला. पातं चार बोटं, पाठ जाड, मूठ मधे फुगीर. तिनं तो पकडीनं उघडून दिला. तिच्या नव्या चाकूंची कमान, म्हणजे पात्यामागची पोलादी पट्टी, फार ताठ असायची, पातं पहिले काही दिवस नखानं उघडायचं नाही. तेल घालत जा, महिन्याभरात सैल पडंल, असं ती प्रत्येकाला सांगायची.

मथुराबाईनं हातातला चाकू मिटला आणि पुन्हा उघडायला गेली. नख मागं वळलं. पातं जागचं हललं नाही.

तिनं चाकू डोळ्यांजवळ नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

"हवालदार," ती म्हणाली, "मला ईटची गाडी गाठून द्या. तिथं गेल्यावर सांगते."

३

ईटला एसटीतून उतरून दोघं पायवाटेनं चिंचमाळकडं निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत मथुराबाईनं शांतलिंगला आपल्या मनातलं सांगितलं.

रोज खिशात वावरलेल्या चाकूच्या खोबणीत सुताचा भुगा साठतो, तंबाखूची पूड साठते, कमान ढिली होते. या चाकूच्या खोबणीत दोराचे चार तंतू होते, म्हणजे दोर कापला तो यानंच. पण बाकी तिथं काही नव्हतं. तिनं विकताना घातलेलं करडईचं तेल तेवढं चिकट होऊन बसलेलं. हा चाकू कुणाच्या खिशात एक दिवसही राहिलेला नव्हता.

"म्हणजे हा सातवा," शांतलिंग म्हणाला. "तो कुणी घेतला?"

तेच तिला सांगता येत नव्हतं. सातवा चाकू चैत्री पुनवेला येरमाळ्याच्या यात्रेत गेला होता. गर्दी, धुरळा, आणि तिचे डोळे असे. तरी गिऱ्हाईक तिच्या ध्यानात राहिलं होतं, कारण त्यानं चाकू निवडलाच नाही. लाल मुठीचा हाय का, एवढंच विचारलं. तिनं त्याहून चांगला शिंगाच्या मुठीचा पुढं केला, तो त्यानं हातातही घेतला नाही. उघडून देते म्हणाली तर नको म्हणाला. मिटलेला चाकू रुमालात बांधून पिशवीत टाकला आणि गेला.

"खिशात वागवायचा चाकू माणूस असा घेत न्हाय," मथुराबाई म्हणाली. "चप्पल घेताना पाय घालून बघावा तसा बघतो. त्या माणसाला चाकू नको होता. कोंडीरामच्या चाकूचा जोड पाहिजे होता."

शांतलिंगनं शंका काढली. फौजदार म्हणतील, कोंडीरामनंच दुसरा घेतला असंल. आणि कोंडीरामचा पहिला चाकू खिशात असता, तर हा डाव त्याच दिवशी फसला असता. तो चाकू कुठं आहे?

४

चावडीत कोंडीराम भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको भिमाबाई दारापाशी भाकरीचं फडकं घेऊन थांबलेली. तिला आत सोडलं नव्हतं. शांतलिंगनं कडी काढली आणि तिलाही आत बोलावलं.

कोंडीरामनं मथुराबाईला ओळखलं. जयभीम घातला आणि मान खाली घातली.

त्याचं म्हणणं साधं होतं. शिवरातीच्या सुमाराला वातीला बत्ती देऊन वर येताना त्याचा चाकू तळातल्या चिखलात पडला. मागं वळायला वेळ नव्हता. सुरुंग उडाल्यावर शंभर पाट्या दगड त्यावर बसला. तेव्हापासून तो दाढीच्या पात्यानं वात कापत होता. काल त्यानं हेच सगळ्यांना सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही.

"चाकू गेल्याचं तेव्हा कुणाला बोलला होतास?" मथुराबाईनं विचारलं.

त्यानं आठवायचा प्रयत्न केला, पण घाबरलेल्या डोक्यात काही येईना. भिमाबाई म्हणाली, घरी आल्यावर मला सांगितलं होतं. बाहेर कुणाला सांगितलं असेल, तर ते संस्थेत नाहीतर विहिरीवर. तिसरीकडं ते जातच नाहीत.

संस्थेत आणि विहिरीवर मिळून कायमची माणसं आता तीनच उरली होती. चेअरमन आबाराव, सेक्रेटरी मल्लिनाथ आणि यारीवाला शिवलिंगप्पा. यात्रेलाही तिघं संस्थेच्याच ट्रकमधून गेले होते.

आबाराव संस्थेच्या ओट्यावर भेटले. बोलणं रोखठोक. श्रीपती येत्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा राहणार होता, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. लपवलं तर उलट संशय घ्याल, म्हणाले. कोंडीरामच्या हातात चार दिवसांपूर्वीच तांबडा चाकू होता, हेही छातीवर हात ठेवून सांगितलं.

मल्लिनाथ गोदामात होता. छावणीच्या जनावरांची पेंड तिथं ठेवलेली, आणि त्याच्या कमरेच्या साखळीला दाराची किल्ली लोंबत होती. त्यानं मथुराबाईला पोत्यावर बसवलं, प्यायला पाणी दिलं. श्रीपतीचं नाव निघताच त्याचा आवाज भरून आला. कोंडीराम वाईट माणूस नाही, रागीट आहे, असं तो म्हणाला. चाकू आपणही चार दिवसांपूर्वी बघितला, म्हणाला. स्वतः चाकू बाळगत नाही, कधी घेतला नाही.

शिवलिंगप्पा मात्र समोर यायलाच तयार नव्हता. बोलावलं तेव्हा विहिरीमागच्या झाडाखाली जाऊन बसला होता. चाकूबद्दल विचारल्यावर माहीत नाही म्हणाला. दोन वेळा माहीत नाही म्हणाला, आणि तिसऱ्यांदा रडायला लागला. श्रीपतीनं त्याला दोर बदलायला सांगितलं होतं. दोर बदलला नाही तर कामावरून काढीन, असा दमही दिला होता. यारीशेजारी झोपणारा तो एकटा. त्या रात्री दारू पिऊन झोपला होता, काही कळलं नाही. पण कोंडीराम दाढीच्या पात्यानं वात कापायचा, हे त्यानं दोन महिने डोळ्यांनी बघितलं होतं.

"मग काल का बोलला न्हाईस?"

"चाकू कोंडीरामचा न्हाई म्हटलं असतं, तर म्हणले असते मग तुझाच."

शांतलिंग मथुराबाईला बाजूला घेऊन गेला. दोन शहाणी माणसं चाकू बघितला म्हणतात आणि एक दारुडा नाही म्हणतो. कापायची संधी त्यालाच होती, रागही होता. शांतलिंगनं कमरेची बेडी चाचपली.

"चार वाजायला अजून तास हाय," मथुराबाई म्हणाली. "माझी पथारी मांडू द्या."

५

तिनं चावडीच्या ओट्यावर पटकूर अंथरलं आणि पिशवीतले नऊ चाकू त्यावर ओळीनं मांडले. सगळे नवे, सगळे मिटलेले. काळ्या मुठीचे, शिंगाच्या, लाकडी, लहान, मोठे. शांतलिंगनं तिघांना बोलावून सांगितलं की फौजदारांना प्रत्येकाच्या पसंतीचा चाकू बघायचा आहे. रोज खिशात ठेवायचा असेल तर कुठला घ्याल, तो निवडा आणि उघडून दाखवा. कोंडीरामलाही कोपऱ्यात उभं केलं.

तिघांच्याही अंगात सावधपणा आला. हात पुढं येताना मथुराबाईला तो जाणवला. कुठला चाकू उचलला तर आपण अडकू, याचा हिशेब प्रत्येक जण करत होता. ती मात्र उचललेल्या चाकूंकडं बघतच नव्हती.

आबारावांनी लाकडी मुठीचा मोठा चाकू घेतला. खाचेत नख घालून ओढला, नख निसटलं. दुसऱ्या अंगठ्यानं ओढला. मग चिडून तिच्याकडं फेकला आणि म्हणाले, असला चाकू काय कामाचा.

शिवलिंगप्पानं काळा उचलला. नख लावलं, नख तुटलं, दात लावले, शेवटी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून लालबुंद होईस्तोवर ओढलं, तेव्हा तो अर्धा उघडला.

मल्लिनाथनं बराच वेळ घेतला. सगळ्यांत लहान, फळं कापायचा असावा तसा शिंगाचा चाकू उचलला. मग कमरेची साखळी ओढली, किल्लीची कड पात्याच्या खाचेत बसवली, मनगट किंचित वळवलं. चाकू टक् करून उघडला. त्यानं तो अदबीनं पुढं केला.

मथुराबाईनं चाकू घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"सेक्रेटरी, तुमी नख का लावलं न्हाय?"

"तुमचे चाकू कडक असतात ना, म्हणून."

"कोण म्हणालं?"

मल्लिनाथ आबारावांकडं बघून म्हणाला, आत्ता दिसलंच की. ते खरं होतं. शांतलिंगच्या चेहऱ्यावर निराशा आली.

मथुराबाईनं हात पसरून पुडीतला तांबडा चाकू मागितला. दोन्ही पाती शेजारीशेजारी धरली आणि शांतलिंगला जवळ बोलावलं. तांबड्याच्या खाचेपाशी दोन ओरखडे होते. बारीक, एकमेकांना लागून, एक लांब आणि एक आखूड. भूमला पुडी सोडली तेव्हाच तिला ते दिसले होते, पण ती कुणाजवळ बोलली नव्हती. आता तसेच दोन ओरखडे शिंगाच्या चाकूच्या पात्यावर होते. एक लांब, एक आखूड.

"तांबडा चाकू म्या मिटलेला दिला," ती म्हणाली. "पहिल्यांदा ज्यानं उघडला, त्यानं लोखंड लावलं. किल्ली बघा, हवालदार."

शांतलिंगनं साखळी धरली. किल्लीची कड एका ठिकाणी तुटलेली होती आणि तिथं दोन टोकं पुढं आली होती, एक मोठं, एक लहान.

कोपऱ्यातून कोंडीराम पुढं आला. इतका वेळ त्याला जे आठवत नव्हतं, ते किल्ली बघून आठवलं. शिवरातीनंतर एकदा मल्लिनाथनं पोत्याची शिवण कापायला त्याच्याकडं चाकू मागितला होता. गोदामाच्या दारात, किल्ली कुलपात असताना. आणि त्यानं सांगितलं होतं, चाकू विहिरीत गेला.

मल्लिनाथनं कमरेची साखळी सोडून शांतलिंगच्या हातात दिली.

६

बाकीचं फौजदारांच्या जीपमध्ये बसण्याआधी निघालं. छावणीच्या वाट्याची पेंड मल्लिनाथ पहाटे ट्रकमध्ये भरून बार्शीकडं पाठवायचा. श्रीपतीनं ते दोनदा बघितलं होतं. तहसीलच्या साहेबांपुढं सांगीन, असं त्यानं आबारावांना बोलून दाखवलं, आणि आबारावांनी निवडणुकीच्या रागात ते मल्लिनाथच्या कानावर घातलं. श्रीपती काहीतरी कुभांड रचतोय, बघून ठेव, एवढंच ते म्हणाले होते. कोंडीरामच्या हातात चाकू बघितला, हेही त्यांचं स्वतःचं बघणं नव्हतं. मल्लिनाथ म्हणाला, त्यांना खरं वाटलं, आणि छातीवर हात ठेवून सांगताना ते आपणच बघितल्यासारखं झालं.

जीप गेली तरी ओट्यावर कुणी हलेना. आबाराव कोंडीरामपुढं उभे राहिले. चूक झाली म्हणाले. मग गावाचं पाणी, उरलेला हंगाम, सुरुंगाला दुसरा माणूस नाही, असं सगळं सावकाश बोलले. उद्या उतरशील का, असं त्यांना विचारायचं होतं, ते शेवटपर्यंत तोंडातून निघालं नाही.

कोंडीरामनं भिमाबाईकडं बघितलं. तिनं नको म्हणून मान हलवली.

"उतरतो," तो म्हणाला. "पण यारी तुमी फिरवायची, चेअरमन. शिवलिंगप्पा शेजारी उभा राहू दे, दोर कसा सोडायचा ते सांगंल. दांडा तुमच्याच हातात पाहिजे."

त्या रात्री मथुराबाई भिमाबाईच्या घरी राहिली. सकाळी दोघी विहिरीवर गेल्या तेव्हा ईटहून नवा दोर आला होता. आबारावांनी सदरा काढून ठेवला होता. शिवलिंगप्पानं गाठ तीनदा तपासली. कोंडीराम पाळण्यात बसला आणि त्यानं मान हलवली.

आबारावांना सवय नव्हती. दांडा पहिल्याच वेढ्याला हिसका देऊन फिरला, तेव्हा काठावरच्या बायका ओरडल्या. त्यांनी पाय रोवले आणि छाती दांड्याला लावली. मग एकेक वेढा सोडत गेले. चेहरा काळवंडला, दंडाच्या शिरा वर आल्या, तळहाताची कातडी सोलली. शिवलिंगप्पा दोनदा पुढं झाला. दोन्ही वेळा त्यांनी त्याला मानेनंच मागं सारलं.

मथुराबाईला विहिरीतलं काही दिसत नव्हतं. तिला दांड्याची करकर ऐकू येत होती, आणि शेजारी उभ्या भिमाबाईचा हात तिच्या हातात होता. तो हात दोर जितका खाली जात होता तितका घट्ट होत चालला होता.

मग करकर थांबली. तळातून कोंडीरामचा आवाज आला, सुरुंग सगळे उडालेत, पाटी सोडा.

भिमाबाईनं हात सोडला आणि पदरानं तोंड पुसलं. आबारावांनी रक्ताळलेला हात धोतराला पुसला, दांडा पुन्हा धरला आणि विहिरीत वाकून विचारलं, "कोंडीराम, सोडू का?"